बीटलला टायर: जुन्या धाटणीचे क्रॉस-प्लाय की मुकाट्याने रेडियल?

मागचं_इंजिन:

मामांनी गाडी चालवणं सोडलं आणि त्यांची 1963 ची फोक्सवॅगन बीटल माझ्याकडे आली. इंजिन 1200, विजेचा कारभार सहा व्होल्टचा, रंग हस्तिदंती, आणि टायर कधीचे ते देवाला ठाऊक. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण खोबणीच्या तळाशी केसाएवढ्या भेगा दिसतात आणि नख रुतवायला गेलं तर रबर लाकडासारखं लागतं. बदलायचे हे नक्की. उजव्या मागच्या टायरवर 5.60-15 असं माप वाचलं.

चार दिवस वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय. पर्याय तीन दिसतात. एक, त्याच मापाचे, जुन्या साच्याबरहुकूम नव्याने बनवलेले क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरके असलेले), सव्वादोन इंची पांढऱ्या पट्ट्याचे, म्हणजे गाडीच्या काळाला साजेसे. दोन, 165R15 रेडियल (आतले धागे सरळ आडवे), जुन्या नक्षीचे, काळे. तीन, आजच्या गाड्यांचे 185/65R15, कुठेही मिळतात, आणि पांढऱ्याची हौस म्हणून रिम आणि टायरच्या मध्ये अडकवायची ती रबरी कडी.

वापर म्हणाल तर रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर, वर्षातून दोनदा लांबचा प्रवास, वेग ऐंशीच्या आत. बायकोचं मत पांढऱ्या पट्ट्याला आहे, आणि रंग बघता ते चुकीचं आहे असं मलाही म्हणवत नाही.

जाता जाता: ब्रेक दाबला की गाडी जराशी डावीकडे ओढते. दोनदा ब्रेक शूज ॲडजस्ट करून झाले, फरक शून्य. त्याचा इथे संबंध नसावा.

तेलकट_हात:

165R15 घ्या आणि विषय संपवा. तिसरा पर्याय मनातून काढून टाका. तुमचं रिम चार इंच रुंद, 185/65 ला किमान पाच इंची लागतं. नाकापेक्षा मोती जड. आणि ती रबरी कडी! मी लावली होती एकदा. रेडियलची बाजू चालताना फुगते, दबते, आणि कडी तिच्यावर घासत राहते. आत बारीक वाळू शिरली की पॉलिश पेपरच तयार होतो. सहा महिन्यांनी काढली तर टायरच्या बाजूवर गोल चर पडलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

कासवगती:

तेलकटराव, निष्कर्ष बरोबर, पण घाई फार.

माझी 1961 ची. तिला आजवर तीन संच घालून झाले. पहिला संच अगदी तुम्हाला हवा तसा: 5.60-15, क्रॉस-प्लाय, रुंद पांढरा पट्टा. फोटो असे यायचे की लोक गाडी सोडून टायरच बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि खालून थडथड सुरू. चाकाचे बोल्ट ढिले राहिले असं वाटून मी उतरून पाचही बोल्ट तपासले, चारही चाकांचे. घट्ट होते. नायलॉनचे धागे असलेला टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की जमिनीला टेकलेला भाग सपाट होऊन बसतो. पाच-सहा किलोमीटर चालून गरम झाला की पुन्हा गोल. हे रोज सकाळी.

दुसरी खोड: रस्त्याला लांबच लांब चर असला की गाडी त्याच्या मागे जाते, म्हैस ओळखीच्या वाटेला वळते तशी. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग नुसतं धरून भागत नाही, सारखी समजूत काढावी लागते. याचं कारण बांधणीतच आहे. क्रॉस-प्लायमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात आणि ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जातात. त्यामुळे बाजू वाकली की नक्षीचा भागही तिच्याबरोबर मुरडतो. रेडियलचे धागे सरळ आडवे, आणि नक्षीखाली वेगळा पट्टा. बाजू हवी तेवढी वाकते, नक्षी रस्त्यावर सपाट बसून राहते.

आता ‘काळाला साजेसं’ या मुद्द्याबद्दल. मिशलँ कंपनीने रेडियलचं पेटंट 1946 मध्ये घेतलं आणि तो टायर 1949 मध्ये बाजारात आला. तुमची गाडी बनली तेव्हा रेडियल चौदा वर्षांचा झाला होता. उलट 1962 च्या सुमारास अमेरिकी गाड्यांवरून रुंद पांढरा पट्टा जाऊन अरुंद आला. म्हणजे हिशेबच करायचा तर 1963 च्या गाडीवर सव्वादोन इंची पट्टा हाच जरा म्हातारा दिसतो. वहिनींना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

दुसरा संच रेडियल, 165R15. गाडी दोरी ताणल्यासारखी सरळ जायला लागली. जागच्या जागी वळवताना स्टिअरिंग थोडं जड झालं, पण बीटलचं नाक हलकं, त्यामुळे तक्रार करण्याइतकं नाही. कमी वेगात बारीक खड्डे मात्र जास्त कळतात. पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तुमच्या-माझ्या मॉडेलला मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे चाक वर-खाली होताना तिरकंही होतं. वळणावर बाहेरचं मागचं चाक आत दुमडू बघतं आणि गाडीची पाठ वर उचलली जाते. क्रॉस-प्लाय आधी किंचाळतो, मग हळूहळू घसरतो, तेवढ्यात माणूस सावध होतो. रेडियल घट्ट धरून ठेवतो, आणि पकड जास्त म्हणूनच चाक दुमडायला जोरही जास्त मिळतो. वळणात मध्येच दचकून ॲक्सिलरेटर सोडलात तर मागची बाजू भलतंच काही करू शकते. वेग वळणाआधी कमी करायचा. आणि मागच्या चाकांत हवा पुढच्यांपेक्षा बरीच जास्त हवी, कारण गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे आहे. चारही चाकांत सारखी हवा भरून देणाऱ्याच्या हातातून नळी काढून घ्या.

दुसरा संच झिजून नाही गेला, वयाने गेला. आपल्यासारख्यांच्या गाड्यांचे टायर नक्षी अर्धी असतानाच मरतात. म्हणून किती चालेल यापेक्षा कधी बनला हे बघा. बाजूवर ‘DOT’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 सालाच्या आधीचा. जुन्या धाटणीचे टायर थोडे थोडे बनतात आणि गोदामात पडून राहतात. मला एकदा एकाच खोक्यातून आलेल्या चारांपैकी दोन टायर बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी जुने निघाले. तारीख कधी कधी एकाच बाजूला छापलेली असते, आणि पांढरा पट्टा बाहेर ठेवला की नेमकी ती आत जाते. चढवायच्या आधीच वाचून घ्या.

तिसरा संच पुन्हा रेडियलच. पण साठच्या पुढे कधी जाणार नसाल आणि पावसात गाडी काढणार नसाल तर क्रॉस-प्लाय खुशाल घ्या. तो वाईट टायर नाही, जुना टायर आहे.

आणि हो, ते डावीकडे ओढणं. तुम्ही माप एकाच टायरवर वाचलंय. बाकीचे तीन आणि स्टेपनीही वाचा, आतली बाजूसुद्धा. मग बोलू.

वायपर_बंद:

कासवकाका, पावसाचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही साठ वर्षांचे, त्यात ओला रस्ता. अशा गाडीत टायर हीच काय ती सुधारणा बाहेरून न दिसता करता येते. मला तर क्रॉस-प्लायचा पर्याय चर्चेत ठेवणंच पटत नाही.

बाकी, ‘काळे म्हणजे कंटाळवाणे’ असं नाही. मिशलँचा एक्सझेडएक्स आणि पिरेलीचा चिंतुरातो पुन्हा मिळतात, दोन्ही त्या कंपन्यांचेच. व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिकही आहे. मापं नीट जुळवून पाहा.

कासवगती:

पावसाबद्दल मान्य, शंभर टक्के.

ट्यूबचं राहिलं. त्या काळच्या रिमच्या आतल्या बाजूला टायरची कड अडवून धरणारा उंचवटा नसतो, तेव्हा टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब घाला, आणि ती रेडियलसाठी चालणारी असू द्या. घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवा. आत चिकटवलेला एखादा कागदी लेबलचा तुकडासुद्धा ट्यूब घासून पंक्चर करतो. टाल्कम पावडर लावायची.

185/65 बद्दल तेलकटरावांनी रिमचं सांगितलं, मी उंचीचं सांगतो. 165R15 चा व्यास साधारण 650 मिलिमीटर, 185/65R15 चा 621. बीटलच्या स्पीडोमीटरची केबल डाव्या पुढच्या चाकाच्या मधून निघते, त्यामुळे काटा फक्त त्या एका चाकाचं ऐकतो. काटा ऐंशी दाखवेल तेव्हा तुम्ही शहात्तरवर असाल, आणि मागची चाकंही छोटी झाल्याने इंजिन उगाच जास्त फिरेल. 34 घोड्यांना कशाला पळवता?

मागचं_इंजिन:

आज सकाळी जॅक लावून, टॉर्च घेऊन, गाडीखाली झोपून सगळे टायर वाचले.

मागचे दोन 5.60-15. पुढचा उजवा 5.60-15. पुढचा डावा 165SR15. रेडियल! एकाच ॲक्सलवर एक क्रॉस-प्लाय आणि एक रेडियल, आणि मी वेड्यासारखा शूज ॲडजस्ट करत बसलोय. नक्षी जवळजवळ सारखी, म्हणून कधी लक्षातच आलं नाही. तारखेचे आकडे चारही टायरवर तीनच.

मामांना फोन केला. म्हणाले, “अरे, ते एकदा पंक्चर झालं होतं, तेव्हा मिळाला तो बसवला. व्यवस्थित चालतोय की!” कधी, ते आठवत नाही.

तेलकट_हात:

गाडी आता हलवू नका. एका ॲक्सलवर मिसळ अजिबात नको. दोन ॲक्सलवर वेगवेगळे असले तरी पुढे रेडियल, मागे क्रॉस-प्लाय हे कधीच नको, पाठ आधी सुटते.

मागचं_इंजिन:

हलवत नाही. 165R15 पाच मागवतोय, स्टेपनीसह, आणि तारखेचे आकडे लेखी विचारूनच. अरुंद पांढऱ्या पट्ट्याचे मिळाले तर ते, नाहीतर काळे. बायकोला 1962 चं सांगितलं. ती म्हणाली, मग रिमला दोन रंग द्या.

कासवगती:

पांढरे मिळाले तर पट्ट्यावर निळा थर असेल. चढवल्या दिवशीच साबणाच्या पाण्याने धुऊन टाका, उन्हात वाळला की निघता निघत नाही. पट्ट्याला ब्लीच लावू नका. आणि डाव्या पुढच्या चाकाची ती केबल हबच्या टोपीतून बाहेर येते, तिथे बारीक पिन असते. टोपी काढाल तेव्हा खाली फडकं पसरा. माझी अजून गवतात आहे.