मदत हवी आहे : ग्रामसभेत प्रश्न कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव तासगाव तालुक्यात, जि. सांगली. मागच्या ग्रामसभेत मी नळपाणी योजनेबद्दल एवढंच विचारलं, की मारुतीच्या देवळाजवळ पाइप जेमतेम वीतभर खोल गाडलाय, अंदाजपत्रकात खोली किती धरली होती? लगेच पुढून आवाज आला, "म्हणजे आम्ही पैसे खाल्ले म्हणता काय?" विषय तिथंच बंद.

मला कुणावर संशय घ्यायचा नव्हता. संशय घेणाऱ्याचं उत्तर मनात आधीच ठरलेलं असतं. मला ते खरंच माहीत नाही, म्हणून विचारलं. खाली कातळ लागला असेल तर तेही पटेल मला. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचं कारण द्यावं लागत नाही. ते ठाऊक आहे. पण रोज एकमेकांची तोंडं बघायची, त्यात थेट अर्ज टाकला की तो आरोपच धरतात.

२ ऑक्टोबरच्या सभेआधी सरपंचांना साधं पत्र द्यावं का? त्यात शब्द कसे ठेवावेत? कुणी असं मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं लिहिलेली नोंदवही) बघायला मागितलं असेल तर कृपया पत्राचा नमुना पाठवा.