घरच्या घरी फळांचा हर्बल आइस टी कसा करायचा, चहापत्ती न घालता?

मोगरा_नागपूर:

नमस्कार मंडळी. इकडे नागपुरात एप्रिलमध्येच दुपारी दार उघडवत नाहीये, मे अजून यायचाय. मुलं खेळून आली की काहीतरी गार लागतंच, लिंबू सरबत आणि पन्हं आलटून पालटून चालू आहे पण आता त्यांना दुकानातली आइस टीची पावडर हवीय. पाकिटावरचे घटक वाचले तर पहिलं नाव साखर, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात म्हणजे त्यात सगळ्यात जास्त साखरच आहे की. त्यात सासूबाईंनी संध्याकाळी चहा घेतला की त्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनाही देता येईल असं हवंय, म्हणून चहापत्ती, ग्रीन टी काहीच नको.

अंगणात गवती चहा, पुदिना, तुळस भरपूर आहे. फळं सध्या कलिंगड, अननस, कैरी, द्राक्षं मिळतायत. मला विचारायचंय ते असं की फळं पाण्यात उकळायची की नंतर घालायची, बर्फ घातल्यावर पाणचट न होण्यासाठी काय करायचं, आणि एकदा करून फ्रीजमध्ये किती दिवस ठेवता येईल? कुणी नेहमी करत असेल तर प्रमाणासकट सांगा प्लीज.

---

कोयरी:

मोगरा, आमच्याकडे मार्च ते जून रोज बनतो त्यामुळे सविस्तर लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताजं फळ उकळायचं नाही. फळाचा जो वास आपल्याला आवडतो तो उकळताना वाफेबरोबर निघून जातो आणि मागे शिजलेल्या फळाची चव राहते, कलिंगडाचं तर फार वाईट होतं. दुकानात फ्रूट टी म्हणून मिळतात त्यांचे घटक वाचून बघ, नाव स्ट्रॉबेरी किंवा रासबेरी असलं तरी आत बहुतेक वेळा हिबिस्कस (म्हणजे अंबाडीची लाल फुलं), सफरचंदाचे वाळलेले तुकडे, रोझहिप (रानगुलाबाची फळं) हेच असतं आणि फळाचा वास वरून घातलेला असतो. म्हणजे जिभेला जे फळ फळ वाटतं त्यातलं निम्मं काम आंबटपणा करतो. म्हणून आपण आधी एक आंबट आणि रंगीत बेस करायचा, तो गरम आणि दाट, त्यात गवती चहासारखा वासाचा पाला, आणि फळ सगळं गार झाल्यावर घालायचं.

बेससाठी मी वाळवलेली लाल अंबाडी वापरते. १ लिटर आइस टीसाठी अर्धी वाटी अंबाडी, गवती चहाच्या ५-६ पाती कात्रीने कापून, आल्याचा छोटा तुकडा ठेचून. अर्धा लिटर पाण्याला खळखळून उकळी आली की हे सगळं टाकायचं, २ मिनिटं उकळू द्यायचं, गॅस बंद करून झाकण ठेवून १० मिनिटं मुरू द्यायचं आणि गाळायचं. चोथा फार दाबून पिळू नकोस, तुरटपणा उतरतो. गरम असतानाच साखर किंवा खडीसाखर विरघळवून घे, गार पाण्यात साखर तळाशीच बसून राहते. पुदिना मात्र उकळायचा नाही, हातावर चुरडून शेवटी घालायचा, उकळला की काळा पडतो आणि गवतासारखा लागतो.

फळाचं असं करते की अननस बारीक चिरून त्यावर २ चमचे साखर भुरभुरवून अर्धा तास झाकून ठेवते, भरपूर रस सुटतो, तो रस आणि फोडी दोन्ही गार बेसमध्ये. याने जी चव येते ना ती कुठल्याही पावडरला नाही. मग वरून गार पाणी घालून १ लिटर करायचं. गोडी गार झाल्यावर चाखून ठरव, गरम असताना पुरेशी गोड लागते आणि गार झाली की कमी वाटते.

---

थंडगार_इंजिनियर:

वर कोयरीताईंनी छान लिहिलंय, मी फक्त पाणचट होण्याबद्दल सांगतो कारण त्यामागे साधं गणित आहे. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, आणि १ ग्रॅम पाणी १ अंशाने निवलं की १ कॅलरी सुटते. म्हणजे ८० अंश तापमानाचा अर्धा लिटर काढा थेट बर्फावर ओतला तर तो अर्धा किलो बर्फ पूर्ण वितळवतो, म्हणजे तुमचा काढा बरोब्बर दुप्पट पातळ झाला. तोच काढा आधी ३० अंशापर्यंत निवू दिला तर दोनशे ग्रॅमच्या आतच बर्फ वितळतो, आणि फ्रीजमधून गार करून काढला तर अजून कमी. त्यामुळे दोनच रस्ते, घाई असेल तर काढा दुप्पट कडक करा आणि गरमच बर्फावर ओता (काचेच्या ग्लासात नको, तडकेल, स्टीलच्या भांड्यात ओता), नाहीतर पूर्ण गार करून मग बर्फ घाला.

अजून एक, बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्याऐवजी हाच काढा गोठवून ठेवा. किंवा द्राक्षं धुवून पुसून फ्रीझरला टाका, कलिंगडाच्या बिया काढलेल्या फोडीपण गोठतात मस्त, तेच बर्फ म्हणून वापरायचं, वितळलं तरी फळाचंच पाणी होतं. मुलं ग्लास संपल्यावर चमच्याने खातात.

---

काळी_माती:

मोगराताई तुम्ही नागपूरच्या असून अंबाडी शोधायला लांब जायची गरज नाही, आपल्या विदर्भात अंबाडीच्या फुलांचं सरबत घरोघरी होतं, तोच बेस आहे हा. हिवाळ्यात बोंडं येतात, त्याचं वरचं जाड लाल आवरण तेवढं काढून घ्यायचं आणि आतलं हिरवं बियांचं बोंड टाकायचं, मग सावलीत खडखडीत वाळवून हवाबंद बरणीत ठेवलं की वर्षभर पुरतं. आता सीझन नाही पण वाळलेली बचत गटांच्या स्टॉलवर आणि किराणा दुकानात विचारली तर मिळते. घेताना गडद लाल बघून घ्या, तपकिरी पडलेली असेल तर जुनी आहे, रंगही देत नाही आणि आंबटपणाही.

कोणी सांगेल की जास्वंद वापरा, कारण इंग्रजीत दोघांना हिबिस्कसच म्हणतात. पण आपली देवाला वाहायची लाल जास्वंद वेगळी, तिचा रंग येतो पण आंबटपणा अजिबात नाही, त्यात लिंबू पिळावंच लागतं. आणि फुलवाल्याकडची फुलं पिण्यात वापरू नका, त्यावर काय फवारलंय माहीत नसतं. घरच्या झाडाचीच घ्या.

संत्र्याचं पण सांगून ठेवतो, आपली मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चला येतात तेव्हा अंबाडी आणि संत्र्याचा रस हे कॉम्बिनेशन नक्की करा, त्यात दालचिनीचा एक तुकडा. सालीचा वास हवा असेल तर फक्त वरचा नारिंगी भाग किसून घाला, पांढरा भाग आणि सालं तशीच भिजत राहिली तर रात्रीतून कडू होतं सगळं.

---

रातांबा:

अंबाडीवाल्यांचा मान राखून सांगते की कोकणात आणि गोव्यात यासाठी कोकमासारखं दुसरं काही नाही. आणि मला वाटतं मुलांसाठी कोकमच जास्त चांगलं लागेल, अंबाडी थोडी तुरट असते, कोकमाला गोलाई आहे.

पण कोकम कुठलं घेताय ते बघा. आगळात (कोकमाच्या दाट रसात) मीठ घातलेलं असतं, ते सोलकढीला ठीक, इथे नको. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं, म्हणजे परत साखर आलीच. इथे लागतात साधी वाळलेली आमसुलं, १ लिटरला ७-८, नीट धुवून घ्यायची कारण काहींना मीठ लावलेलं असतं, अर्धा लिटर उकळत्या पाण्यात टाकून गॅस बंद करायचा आणि २० मिनिटं झाकून ठेवायची. खूप वेळ उकळवू नका. जांभळट लाल सुंदर रंग येतो. त्यात कलिंगडाचा गाळलेला रस, पुदिना, चिमूटभर सैंधव, आणि भिजवलेला सब्जा. सब्जा आधी पाण्यात १५ मिनिटं फुगवून घ्यायचा, कोरडाच टाकलात तर गुठळ्या होतात.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये किंवा कल्हई नसलेल्या पितळेत कोकम, अंबाडी, लिंबू असलं आंबट काहीही ठेवायचं नाही.

मे महिन्यात ताजे रातांबे (कोकमाची फळं) बाजारात आले की त्याची सालं वापरून करा, वाळवलेल्या आमसुलात आणि ताज्यात खूप फरक आहे, आमच्याकडे तेव्हा घरात दिवसभर तेच चालू असतं.

---

निवांत_पुणेकर:

एवढं सगळं उकळायला कशाला हवं, गॅसजवळ उभं राहून अजून उकडतं. काचेची बरणी घ्या, पाणी, गवती चहा, वाळलेली फळं सगळं टाका आणि गच्चीवर उन्हात ठेवून द्या, अमेरिकेत सन टी म्हणून करतात. नाहीतर सरळ फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, कोल्ड ब्रू.

---

म्युनिककर_सई:

पुणेकर, उन्हातलं नका करू हो, मनापासून सांगते. उन्हात बरणीतलं पाणी कोमट ते बऱ्यापैकी गरम होतं पण जंतू मरण्याइतकं नाही, उलट तासन् तास त्यांना वाढायला छान ऊब मिळते. आणि वाळवलेला पाला, फुलं ही शेतात मातीत वाळलेली असतात, त्यावर जंतू असणारच.

मी जर्मनीत राहते, इकडे फळांचा चहा हा घराघरातला प्रकार आहे, लहान मुलांपासून सगळे पितात, सुपरमार्केटमध्ये त्याची अख्खी भिंत असते. इथल्या पाकिटांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की नेहमी खळखळतं उकळतं पाणीच ओता आणि ५ ते ८ मिनिटं मुरू द्या, तरच ते खाण्यायोग्य सुरक्षित होतं. गार पाण्यात करायचे वेगळे असतात, त्यावर तसं छापलेलं असतं. तेव्हा घरी वाळवलेल्या किंवा सुट्या घेतलेल्या पाल्यावर आधी थोडं उकळतं पाणी ओतून १० मिनिटं ठेवा आणि मग हवं तर गार पाणी घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, कोल्ड ब्रूची मऊ चवही मिळते आणि काळजीही नाही. गॅसजवळ उभं राहायचं नसेल तर इलेक्ट्रिक केटल आहेच की.

टिकण्याबद्दल: नुसता गाळलेला बेस झाकून फ्रीजमध्ये २ दिवस, जास्तीत जास्त ३. फळं घातली की त्याच दिवशी संपवायचं. आणि बाहेर ओट्यावर दिवसभर ठेवायचं नाही, नागपूरच्या हवेत तर मुळीच नाही, पटकन गार करायचं असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि मग लगेच फ्रीजला.

---

निवांत_पुणेकर:

हे माहीत नव्हतं. धन्यवाद सई, बरणी गच्चीवरून खाली आणतो.

---

औषधवाली:

फार्मसीत काम करते म्हणून एक मुद्दा, कारण सासूबाईंचा उल्लेख आहे. अंबाडीमुळे रक्तदाब थोडा उतरतो, असे अभ्यास झालेले आहेत. एखादा ग्लास घेतल्याने काही बिघडत नाही पण बीपीची गोळी चालू असेल आणि रोज दोन-तीन ग्लास प्यायचं असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. गरोदर बायकांनी अंबाडी टाळलेली बरी. आणि गोडीसाठी काही जण ज्येष्ठमध घालतात, ते उलट आहे, रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, वयस्कर माणसांच्या रोजच्या पेयात ते नकोच. मधुमेह असेल तर फळाचा रसही मोजून, कलिंगडाच्या रसापेक्षा फोडी घाला.

गवती चहा, पुदिना, आलं एवढंच घालून लिंबू पिळलेला त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवलात तर सगळ्यात सोपं.

---

मोगरा_नागपूर:

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे त्यांचा वेगळाच करणार, औषधवालीताई खूप खूप आभार, हे मला सुचलंच नसतं. मुलांसाठी कोयरीच्या पद्धतीने अननस आणि गवती चहा आज केला, बेस अंबाडीऐवजी आमसुलांचा घेतला कारण तीच घरात होती. गोठवलेली द्राक्षं टाकली. धाकटीने पावडरचं नाव काढलं नाही, अजून एक ग्लास मागितला.

एकच विचारायचं राहिलं, ते निळे चहाचे फोटो दिसतात ना हल्ली, ते गोकर्णाच्या फुलाचे का? आमच्या कुंपणावर निळी गोकर्ण आहे, मुलीला तसा करून हवाय.

---

कोयरी:

हो तीच. १ ग्लासला ८-१० फुलं, हिरवा देठाचा भाग काढून, उकळतं पाणी ओतून ५ मिनिटं ठेव, गडद निळं होतं. चव जवळजवळ नसते त्यामुळे त्यात गवती चहा घालावाच लागतो. गाळून गार कर, ग्लासात ओत आणि मुलीला तिच्या हाताने लिंबू पिळायला सांग, डोळ्यांदेखत निळ्याचं जांभळं होतं. रंगद्रव्य आंबट लागलं की बदलतं, कोकम आणि अंबाडीच्या लाल रंगातही त्याच जातीची रंगद्रव्यं आहेत. म्हणूनच निळा रंग टिकवायचा असेल तर त्यात कोकम नको, अंबाडी नको, अननसही नको. फोडी घालायच्याच तर गोड कलिंगडाच्या घाल, त्याही प्यायच्या वेळेला.

---

रातांबा:

आणि वरून सब्जा घाला मोगराताई, निळ्यात फार गोड दिसतो. आमसुलांचा आवडला ना मुलांना, मग आता रातांबे आले की इथेच लिहिते ताज्याचं प्रमाण.