मदत हवी आहे: मासळी बरी आली की गेटवे गप्प

नमस्कार मंडळी. हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी विजेचं आणि मेंटेनन्सचं काम बघतो. नेटवर्किंग शिकलेलो नाही, करत करत जमवलंय. काही खुळ्यासारखं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

चार एनर्जी मीटर आणि सहा टेंपरेचर कंट्रोलर आरएस-४८५ च्या (एकाच लाइनवर बरीच उपकरणं जोडता येतात ती) दोन तारांच्या एकाच जोडीवर आहेत. त्यांची बोलायची भाषा मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड. ती जोडी गेटवेत (ही वायर आणि ऑफिसचं नेटवर्क जोडणारा डबा) येते आणि गेटवे तेच मॉडबस टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरचं मॉडबस, करून पोर्ट ५०२ वर ऑफिसच्या कॉम्प्युटरला देतो. शेठ तिथे बसून ब्राइनचं (बर्फ गोठवायच्या मिठाच्या पाण्याचं) टेंपरेचर बघतात.

मे अखेरच्या वळिवात जवळच वीज पडली आणि जुना गेटवे गेला. नवा डब्यातून १९२.१६८.०.७ हा पत्ता घेऊन आला, आमचं सगळं १९२.१६८.१ मध्ये. लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.०.१० दिला, गेटवेचं पान उघडलं आणि पत्ता १९२.१६८.१.२५ केला. मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवे म्हणून राउटरचा १९२.१६८.१.१. गेटवेच्या आत अजून एक गेटवे कसला भरायचा, ह्यातच माझा अर्धा दिवस गेला. पण चालू झालं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गेटवे एकदाही गप्प झाला नाही.

नारळी पौर्णिमेनंतर नौका बाहेर पडल्या आणि रडगाणं सुरू झालं. संध्याकाळी लिलावाच्या सुमाराला स्क्रीनवर सगळं लाल होतं. कधी दहा मिनिटं, कधी दोन-तीन तास. रात्री आपोआप परत येतं. मासळी कमी असेल त्या दिवशी मात्र काही होत नाही! शेठ म्हणतात, "तुझ्या गेटव्याला म्हावऱ्याचा वास सोसत नाय."

गेटवे बंद-चालू केला की पाच मिनिटं येतो आणि परत जातो. लॅनची केबल बदलून झाली. विचित्र म्हणजे, सगळं लाल असताना १९२.१६८.१.२५ ला पिंग केलं (कॉम्प्युटरवरून "आहेस का?" असं विचारलं) तर उत्तर येतं. म्हणजे गेटवे जिवंत आहे. सीझनमध्ये दोन्ही कंप्रेसर एकदम चालतात, त्याचा नॉइज ४८५ च्या वायरीत येतोय असा माझा संशय. दोनशे मीटर शिल्डेड केबल मागवू का? शेठना पटवावं लागेल, म्हणून आधी इथे विचारतोय.

आणखी एक दुखणं. एक नंबरचा मीटर दिवसभर मधूनमधून सीआरसी एरर (निरोप खराब होऊन आल्याची खूण) देतो, आणि सात नंबरचा कंट्रोलर जुलैपासून लालच आहे. खाऱ्या हवेने त्याची टर्मिनलं हिरवी पडली होती म्हणून तो नवा बसवला होता.

प्रतिसाद १

नॉइजच असणार. ४८५ ची वायर मोटारच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेली आहे का बघा. शिल्डला अर्थिंग एकाच टोकाला हवं. आणि सिग्नल टोकाला आपटून मागे येऊ नये म्हणून १२० ओहमचे रेझिस्टर लाइनच्या दोन टोकांना, फक्त दोन. केबल मागवाच.

प्रतिसाद २

दादा, केबलचे पैसे आत्ताच घालवू नका. ४८५ ची बाजू बिघडली असती तरी इथरनेटच्या बाजूने गेटवे बोलला असता. पलीकडचं डिव्हाइस गप्प असेल तर बहुतेक गेटवे स्वतः उत्तर देतात: एक्सेप्शन ११, म्हणजे "मी आहे, पण तो उत्तर देत नाही". त्याचं सेटिंगचं पानही उघडलं असतं. तुमचं पूर्ण गप्प होतंय.

तीन गोष्टी बघून सांगा. लाल असताना ते पान उघडतं का? कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये एक्सेप्शन ११ आहे की नुसता कनेक्शन टाइमआउट? आणि सगळं नीट चालू असताना कमांड प्रॉम्प्टवर 'एआरपी -ए' टाका, कुठल्या आयपी पत्त्यावर कुठलं डिव्हाइस आहे ती यादी येते; त्यात .२५ समोरचा मॅक पत्ता (डिव्हाइसचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. बंद पडलं की पुन्हा तेच करा.

धागाकर्ता

काल बांगडा चांगला आला आणि साडेपाचला गेलंच. पान उघडत नाही. लॉगमध्ये नुसता टाइमआउट. एक्सेप्शन ११ फक्त सात नंबरला, तेही दिवसा. आता एआरपीचं: सकाळी .२५ समोर जो मॅक होता तो गेटवेच्या पोटाखालच्या स्टिकरवरचाच. संध्याकाळी तिथे दुसराच, डी६ ने सुरू होणारा. असा कुठलाच डबा आमच्याकडे नाही, सगळे स्टिकर वाचून आलो.

प्रतिसाद २

डबा नाही, कुणाचा तरी फोन आहे. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कंपनीने छापलेला नसतो, डिव्हाइसने स्वतः बनवलेला असतो. हल्लीचे फोन वाय-फायवर असाच मॅक वापरतात. तुमच्या पिंगला गेटवे नाही, तो फोन उत्तर देत होता. पिंगला जो पत्ता सांगितला त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, एवढंच त्याला कळतं.

राउटरच्या डीएचसीपीची, म्हणजे तो आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, रेंज काय आहे? आणि वाय-फाय कोण कोण वापरतं?

धागाकर्ता

रेंज २ ते २५४, लीज, म्हणजे दिलेला पत्ता राखायची मुदत, १२० मिनिटं. वाय-फायचा पासवर्ड काउंटरमागच्या भिंतीवर खडूने लिहिलाय. बर्फ न्यायला आलेले तांडेल, खलाशी, टेम्पोवाले लादी फुटेपर्यंत व्हिडिओ बघत बसतात. मासळी बरी तेवढी गर्दी जास्त. राउटर २ पासून ओळीने पत्ते वाटत सुटला, तर चोविसाव्या फोनला आमचा २५ जातोय! बंदीत इथे चार माणसं होती.

प्रतिसाद २

बरोब्बर. काही राउटर पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का ते तपासतात, तुमचा तपासत नसावा. गेटवेचा २५ तसाच ठेवा आणि डीएचसीपीची रेंज १०० ते २०० करा. ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही १०० च्या खालचा कायमचा पत्ता द्या. राउटरमध्ये मॅक टाकून पत्ता राखूनही ठेवता येतो, पण राउटर बदलला की ती यादी गेली, म्हणून मला ते आवडत नाही. बदल केल्यावर राउटर आणि गेटवे दोन्ही बंद-चालू करा.

पाहुण्यांचं वाय-फाय मात्र वेगळं कराच. साध्या मॉडबस टीसीपीला पासवर्डच नसतो. पत्ता कळला की फोनवरच्या फुकटच्या ॲपने कोणीही तुमच्या कोल्ड रूमचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं टेंपरेचर) बदलू शकतो.

सात नंबरचं सोपं आहे. नवे कंट्रोलर बहुधा स्लेव्ह नंबर (जोडीवरचा ओळख नंबर) १ घेऊन येतात. एकच्या मीटरला विचारलं की दोघं एकदम बोलतात आणि सीआरसी फाटतो, सातला विचारलं की कोणीच बोलत नाही. हा नंबर आणि आयपी पत्ता ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आयपीने गेटवेपर्यंत पोचायचं, तिथून पुढे जोडीवर १ ते २४७ मधला नंबर.

धागाकर्ता

चार संध्याकाळी झाल्या, त्यात दोन दिवस जेटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एकदाही लाल नाही. कंट्रोलर खरंच १ वर होता. सात केला, त्याची पॉवर काढून लावली, आणि एकचा मीटरही शहाणा झाला. पाहुण्यांच्या वाय-फायचा नवा पासवर्ड शेठनी स्वतः भिंतीवर लिहिला, ह्यावेळी ऑइलपेंटने.

पहिल्या प्रतिसादवाल्या दादांचेही आभार. केबल मागवली नाही, पण सगळी पॉवर बंद करून जोडीवर मीटर लावला तर साठ ओहमच्या जागी चाळीस आले. मधल्या पॅनेलमध्ये कोणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवला होता. काढलाय.