मदत हवी आहे: तळपायाचा मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग), मुलांची जनुकीय चाचणी करावी का?

डिचोलीकर: रुग्ण ५८ वर्षांचे, भातशेती करणारे. टाचेवरच्या काळ्या चट्ट्याची बायोप्सी: अ‍ॅक्रल मेलॅनोमा (तळहात, तळपाय किंवा नखाखाली होणारा प्रकार), जाडी २.१ मिमी. गाठीच्या तपासणीत केआयटी जनुकात बदल आहे. घराण्यात आणखी कोणाला मेलॅनोमा नाही. मुलगा-मुलगी घाबरलीत, आपलंही रक्त तपासा म्हणतात. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला पाठवण्याआधी विचारतो, कोणती चाचणी लिहू?

पेशीवाचक: आत्ता कोणतीच नको, आणि हे मुलांना आजच सांगा. केआयटीचा हा बदल गाठीतल्या पेशींत मागाहून घडलेला असतो, वारशाने येत नाही. ब्रॅफ या दुसऱ्या जनुकाचंही तेच. बदल जनुकात नेमका कुठे आहे ते पाहून इमॅटिनिबसारखं औषध ठरवतात, तेवढाच त्याचा उपयोग. अहवालावर नुसतं 'म्युटेशन पॉझिटिव्ह' छापतात आणि घरचे हादरतात.

वारशाने येणारा मुख्य दोष सीडीकेएन२ए या जनुकाचा, नवव्या गुणसूत्रावरचा. त्याच्यापासून बनणारं पी१६ प्रथिन पेशीविभाजनाला ब्रेक लावतं. आई किंवा वडिलांत तो दोष असेल तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता ५० टक्के. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी, म्हणून एकाच व्यक्तीला दोन वेगवेगळे मेलॅनोमा, किंवा त्याच बाजूच्या जवळच्या नातेवाइकांत दुसरा मेलॅनोमा वा स्वादुपिंडाचा कर्करोग असेल तरच शंका घ्यावी. तेव्हा स्वादुपिंडाबद्दल मुद्दाम विचारा. 'पोटाचा कॅन्सर' एवढंच सांगून लोक गप्प होतात.

डिचोलीकर: आणि तसा इतिहास निघालाच तर?

पेशीवाचक: आधी वडिलांचं रक्त. दोष कोणता हे माहीत नसताना मुलांची चाचणी निगेटिव्ह आली, तरी त्यातून निश्चिंती मिळत नाही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये ३-४ मिली घ्या आणि लगेच ८-१० वेळा हळू उलटी-सुलटी करा, नाहीतर गुठळी होते. फ्रीजरमध्ये ठेवू नका. सीक्वेन्सिंगसोबत (जनुकाचा क्रम वाचणं) एमएलपीए (जनुकाचे तुकडे गळालेत का ते मोजणारी चाचणी) मागा, जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर साध्या सीक्वेन्सिंगमध्ये तो निसटू शकतो. 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला तर त्यावरून नातेवाइकांची चाचणी करू नये.

कुळागर: मुलांना महिन्यातून एकदा पाय धुऊन, उजेडात आरसा धरून तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघायला शिकवा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. काजूच्या बोंडूंच्या हंगामात बियांच्या चिकाने बोटं काळी पडतात, पण तो डाग कातडी सुटली की काही आठवड्यांत जातो. पायावर चिरा (जांभा दगड) पडून नखाखाली साकळलेलं रक्त नखासोबत पुढे सरकतं, पायाच्या अंगठ्याला महिन्याला साधारण दीड मिमी. जागचा न हलणारा, रुंद होत जाणारा किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेला पट्टा मात्र त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवायचा. ॲसिड लावून किंवा ब्लेडने खरवडून घेऊ नये, मग जाडी मोजताच येत नाही.

डिचोलीकर: वडिलांच्या भावंडांची माहिती आज संध्याकाळीच विचारतो.