प्रतिसाद: लाईन गेल्यावर फोन चालू ठेवण्याबद्दल

लाईन, म्हणजे वीज, गेल्यावर फोन चालू राहावा म्हणून पॉवर बँक घ्या, असा सल्ला इथे एकाने दिला आहे, तो बरोबरच आहे. पण आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, अडचण त्यापुढे सुरू होते. मृगाच्या वादळात लाईन गेली की काही तासांनी मोबाईल टॉवरची बॅटरी उतरते. डिझेल जनरेटर नसेल तर रेंजही जाते, मग फोन भरलेला असून काय उपयोग? दोन वर्षांमागे शेजारच्या काकांना वावरात साप चावला, तेव्हा रेंजसाठी मला गावाबाहेरच्या टेकडीवर पळावं लागलं.

तेव्हापासून रुग्णवाहिकेच्या १०८ सोबत आपत्कालीन मदतीचा ११२ सुद्धा घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घेतला आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क मिळत असेल तर फोन सहसा त्यावरून ११२ लावतो. म्हणून 'रेंज नाही' दिसलं तरी लावून पाहाच. रेंज शोधत राहिला की फोन लवकर उतरतो. गरज नसताना फ्लाइट मोडवर टाका.

चार्जिंगसाठी कपाशीच्या फवारणीचा बॅटरी पंप बघा. बहुतेकांत १२ व्होल्टची बॅटरी असते, तिला कारमध्ये वापरायचा मोबाईल चार्जर जोडता येतो. वायर मात्र जाणत्याकडूनच काढून घ्या, उलटसुलट जोडू नका.

जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाईनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे अंधारातही ती वाजायची. फायबरवरच्या फोनचं तसं नाही, त्याच्या राउटरला घरचीच वीज लागते. त्यासाठी छोटा यूपीएस (लाईन गेल्यावर बॅटरीवर वीज देणारा डबा) मिळतो. घरी म्हातारं माणूस असेल तर घ्याच.