केमो सुरू असतानाच पॅलिएटिव्हवाल्या (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांना दाखवायचं का? (नागपूर)

मानेवाड्याची_लेक:
बाबांना जबड्याचा कॅन्सर, खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) जुनी सवय. ऑपरेशन झालं होतं, आता फुफ्फुसात पसरला म्हणतात, केमो चालू आहे. रात्रीचं दुखणं एवढं वाढून राहिलं की गालाला उशी दाबून बसल्याबसल्याच झोप काढतात, ट्रॅमाडॉलनं थोडा वेळ बरं वाटते मग परत तेच. एकानं पॅलिएटिव्ह केअरला दाखवा म्हटलं तर मोठे काका भडकलेच, म्हणे आत्तापासूनच हात टेकले का तुम्ही. खरंच तिथं शेवटीच जातात का? नि मॉर्फिनचं, म्हणजे त्या दुखण्यावरच्या जोरदार औषधाचं, व्यसन लागते म्हणतात ते?

सिस्टर_मेडिकल_चौक:
ताई, दुखणं आत्ता आहे ना, मग आत्ताच जा. केमो त्यानं बंद होत नाही, दोन्ही सोबत चालते. बॉस्टनला पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, ज्यांना सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्हची टीमही मिळाली ते कमी खचले आणि साधारण ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. बाबांचा कॅन्सर वेगळा आहे, आकडे तसेच्या तसे लावू नका, पण काकांना हे नक्की सांगा.
डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं सहसा व्यसन लागत नाही, फक्त मनानं एकदम बंद करायची नाही. मॉर्फिनची साधी गोळी दर ४ तासांनी घड्याळ लावून असते, दुखायची वाट पाहायची नाही. पोट साफ होत नाही म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. बाबांना गिळता येत नसेल तर आधीच सांगा, घरी गोळी कुटून देऊ नका, काही गोळ्या हळूहळू सुटणाऱ्या असतात, त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जाते.

धरमपेठकर:
काकांना सोबतच घेऊन जा ताई, आमचे मामाही असेच भडकले होते. माझ्या आईला छातीच्या जखमेचा वास यायचा म्हणून ती नातवंडांना जवळ येऊ देत नव्हती, त्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोलची पावडर लावायला दिली, वास कमी झाला नि पोरं परत तिच्या पलंगावर जाऊन बसायला लागली. तेव्हाही केमो चालूच होता. मामा नंतर स्वतःच तिला तिकडे नेऊ लागले.

विदर्भ_फार्मासिस्ट:
मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये शोधत फिरू नका. २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांचा) बदलला, तेव्हापासून मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालं, तिथंच मिळते. तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), दोन्हीकडे आधी फोन करून विचारा. घरी सांभाळणं होत नसेल तर स्नेहांचल हे पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र आहे.

मानेवाड्याची_लेक:
शुक्रवारी केमोला जातोच आहोत, तेव्हाच डॉक्टरांना चिठ्ठी मागते. काकांना गाडी चालवायला सांगितलं, हो म्हणाले. गोळी सुरू झाली तर केमोच्या दिवशीही द्यायची ना?

सिस्टर_मेडिकल_चौक:
हो, वेळ चुकवायची नाही. फक्त केमोवाल्या सिस्टरला सांगून ठेवा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.