'पुट ऑफ'चे अर्थ पाठ करून घ्यायचे की वाक्यं?

विश्रामबाग, सांगली (धागा यांनी काढला)
आठवी ते बारावीची मुलं माझ्याकडे इंग्रजीला येतात. बहुतेकांच्या वहीत फ्रेझल व्हर्बची, म्हणजे छोटा शब्द जोडून बनलेल्या इंग्रजी क्रियापदांची, यादी असतेच. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. घडाघडा म्हणून दाखवतात. परवा 'द स्मेल पुट मी ऑफ' हे वाक्य दिलं, तर एका हुशार मुलाने लिहिलं, 'वासाने मला पुढे ढकलले.' पोराचं पाठांतर चोख आहे, चूक यादीची आहे.

माझं म्हणणं असं, की या याद्या बंद करा. पुट ऑफ कशाला केलंय ते मुलांना बघायला शिकवा. लग्न, परीक्षा, बैठक असं ठरलेलं काही असेल तर पुढे ढकलणं. माणूस असेल तर त्याचं मन उडणं, किंवा काहीतरी कारण सांगून त्याला टोलवणं. आणि कॅरमवर नेम धरलेल्या माणसाच्या कानाशी कुणी बडबडलं नि त्याचा नेम चुकला, तर तेही पुट ऑफच. हे सगळं एका ओळीच्या अर्थात कसं मावणार?

मिरज, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक
ताई, तुमच्याकडे मुलं वर्षानुवर्षं येतात. माझ्याकडे जत, आटपाडीची पोरं परीक्षा तोंडावर आल्यावर येतात. दिवसभर अभ्यासिकेत बसतात, घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही. पेपरात चार पर्याय असतात, त्यातला एक निवडायचा. त्यांना यादी द्यायची नाही तर काय द्यायचं? वाक्यांतून शिका हा सल्ला ज्याच्या घरी इंग्रजी पेपर येतो त्याला परवडतो. यादीला नावं ठेवताना या पोरांचा विचार करा.

कराड
मिरजेच्या सरांशी सहमत. यादी पाठ केली म्हणूनच मी पास झाले. आधी मार्क, मग भाषा.

विश्रामबाग, सांगली
सर, त्या पोरांचाच विचार करून लिहिलंय. आपली मराठीच घ्या. भूक लागली, ठेच लागली, दिवा लागला, पोर रडू लागलं, निकाल लागला. बिहारहून आलेल्या कामगाराला 'लागणे'चे अर्थ ओळीने पाठ करायला दिले तर तो बोलू शकेल का? तो 'भूक लागली' अख्खं उचलतो आणि दुसऱ्या दिवशी वापरतो. जतच्या पोराला तरी वेगळं काय हवंय?

तासगाव, निवृत्त शिक्षक
अडचण आजची नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडला की अर्थ पालटतो आणि परक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. यादीचा आणखी एक धोका सांगतो. काही याद्यांत पुट ऑफचा अर्थ 'अंगावरचं काढणे' असा दिसतो. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मोशेला पायातलं काढायला सांगितलंय ते पुट ऑफ याच शब्दांत, त्यामुळे अर्थ खोटा नाही. पण आज शर्ट काढायचा तर टेक ऑफ म्हणतात. यादीत जुनं आणि चालू शेजारी शेजारी बसतं, पोराला फरक कळणार कसा?

मिरज, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक
गुरुजी, हे मान्य. जुना अर्थ गाळायलाच हवा. पण यादी सोडणार नाही. फार तर प्रत्येक अर्थापुढे एक छोटं वाक्य टाकेन.

विश्रामबाग, सांगली
टाका, सर. मग त्यात सर्वनामाचं एक वाक्य हवंच. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आला की तो मध्येच बसतो: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. आणि पुढे क्रिया असेल तर 'पुट ऑफ गोइंग', 'पुट ऑफ टु गो' नाही. चुका दुरुस्त करा या प्रश्नात मुलं नेमकी इथेच अडकतात, आणि अर्थांच्या यादीत हे कुठेच नसतं.

कराड
ताई, 'लुक आफ्टर'लाही हाच नियम का? 'लुक इट आफ्टर'?

विश्रामबाग, सांगली
नाही गं, ते फुटत नाही. 'लुक आफ्टर इट'च म्हणायचं. म्हणून प्रत्येकाचं वाक्य वेगळं लिहून घे.